गाठीची तार

परसातली खोली वर्षभर कुलुपात होती, आणि कुलुपातल्या त्या खोलीत दिवा जळत होता.

जळत होता हे म्हणणेही तात्यांनी मान्य केले नसते. जळतो तो कंदील; विजेचा दिवा तापतो. काचेतली हवा काढून घेतलेली असते म्हणूनच त्याची तार जळून राख होत नाही, नुसती तापून पांढरी होते. हा फरक ज्याला कळत नाही त्याने दुसऱ्याच्या घरात तार ओढायला जाऊ नये, असे ते चाळीस वर्षे सांगत आले होते. परंतु दाराच्या फटीतून जे दिसत होते ते तापून पांढरेही झालेले नव्हते. राखेखालचा निखारा असावा तशी ती तार काचेच्या पोटात तांबूस लोंबत होती. तिचा उजेड कशावरही पडत नव्हता. ती फक्त दिसत होती. आणि बटण बंद होते.

बटण बंद होते याबद्दल शंकेला जागा नव्हती. वर्षापूर्वी तात्यांच्या मुलाला तिथून उचलून नेल्यावर लाइनमनने होल्डरमध्ये नवा दिवा बसवला, बटण दोनदा खालीवर केले, "लागतो, विझतो, दोष काही नाही," असे म्हणून ते बंद केले, आणि कागदावर 'निष्काळजीपणा' असा एक शब्द लिहिला. तात्यांनी त्याच पावली दाराला कुलूप घातले. किल्ली त्यांच्या करगोट्याला होती. आत कोणी गेलेले नव्हते.

सहा दिवस आभाळ नुसते गळत होते. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. कपड्यांना वास, मिठाला पाणी, भिंतींना पोपडे. तिसऱ्या दिवशी म्हातारी परसात सरपण आणायला गेली आणि तशीच रिकाम्या हाताने परत आली.

"अहो, तो आलाय," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? त्या खोलीत दुसरं कोण येणार?"

तात्यांनी जाऊन फटीला डोळा लावला आणि परत येऊन पाटावर बसले. "ओल आहे भिंतीला. ओलीनं होतं असं."

"ओलीनं दिवा विझतो. लागतो कधी?"

प्रश्न बिनतोड होता, आणि तात्यांजवळ त्याचे उत्तरही होते. विजेचा स्वभाव पाहुण्याचा आहे. ती राहायला येत नाही. लोक म्हणतात दिवा वीज खातो. ते खोटे. जेवढी येते तेवढी सगळी परत जाते. दिव्याच्या केसाएवढ्या तारेतून दाटीवाटीने जाताना तिची जी झटापट होते, तिची धग म्हणजे दिवा. म्हणून तिला यायला एक वाट लागते आणि जायला एक. बंद बटण म्हणजे त्या वाटेत पाडलेली फट, दुसरे काही नाही. आता बटण बंद असताना तार तांबूस होते, याचा अर्थ विजेला जायला दुसरी वाट सापडली आहे: भिंतीतून, ओलीतून, जमिनीत. इथवर कोणताही वायरमन सांगेल. पण त्यापुढे एक प्रश्न होता, आणि दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवावे तसा तात्या त्याला तीन दिवस ठेवत होते. फट पाडलेली आहे, तर वीज दिव्यापर्यंत पोचलीच कशी?

त्याला एकच उत्तर संभवत होते. बटण येणाऱ्या तारेवर नव्हते. परतीच्या तारेवर होते. दिव्याच्या अलीकडे नव्हे, पलीकडे. असे चुकीचे बटणही दिवा लावते आणि विझवते, म्हणून लाइनमनला त्यात दोष दिसला नाही. फरक एवढाच की विझलेल्या दिव्याच्या होल्डरात वीज दबा धरून बसलेली राहते. मुलाने त्या दिवशी बटण बंद केले, गेलेला दिवा काढला, होल्डरचा दबलेला खिळा बोटाने वर ओढायला गेला. पाय ओल्या जमिनीवर होते, आणि मन निर्धास्त होते, कारण बटण बंद होते.

हे सगळे तात्यांनी म्हातारीला सांगितले नाही. "ओलच आहे," एवढेच पुन्हा म्हणाले.

*

घरात पुढच्या खोलीत सुनेने साडेतीनशे पिल्ले आणून ठेवली होती. एका दिवसाची पिल्ले, मूठभर पिसांची. त्यांना दहा दिवस आईच्या पोटाखालची ऊब लागते, आणि ती ऊब द्यायलाच परसातली खोली बांधलेली होती: खाली भुसा, भोवती पत्र्याचे कडे, आणि पत्र्याच्या टोपीखाली सोडलेला तो दोनशे वॅटचा दिवा. पुढच्या खोलीला तीन दारे होती आणि फरशीला ओल. सुनेने दोन दिवे दोरीने गुडघ्याएवढे खाली सोडले होते, दारांना गोणपाट लावले होते. तरी पिल्ले गारठत आणि उबेसाठी एकमेकांच्या अंगावर चढत. वरची जगत, खालची गुदमरत. दर तासाला ती वाकून ढीग हाताने पसरवी. तिचे गुडघे फरशीने सोलले होते आणि बोटांना पिल्लांच्या विष्ठेचा आंबूस वास कायमचा लागला होता.

"मामंजी, खोलीची किल्ली," तिने चौथ्या दिवशी मागितली.

"तिथे गळतं."

"गळत नाही. बाहेरून बघितलंय मी."

"मग सापकिरडू असेल."

"असू दे. माझ्या अंगावर येणार नाही ते, ही पिल्लं मेली तर येतील," सून म्हणाली, आणि पुन्हा ढिगावर वाकली. किल्लीचा विषय तिने परत काढला नाही. वर्षभरात तिने त्या खोलीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि तात्यांना तिच्या याच शहाणपणाची भीती वाटे. माणूस विचारत नाही तो एक तर त्याला काही माहीत नसते म्हणून, किंवा सगळे माहीत असते म्हणून.

सहाव्या दिवशी दुपारी तात्या छत्री घेऊन परसात गेले, तेव्हा म्हातारी त्या खोलीच्या दाराशी पालथ्या बादलीवर बसलेली दिसली. डोक्यावर गोणपाट, पाय चिखलात अनवाणी, आणि उजव्या हाताचा तळवा दाराच्या लोखंडी पत्र्यावर टेकलेला. तोंडाने ती हळूहळू काही बोलत होती. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला जेवायला हाक मारावी असा तो सूर होता.

"पावसात काय बसलीस?"

"हळू बोला. हात धरलाय त्यानं."

"काय?"

"तळव्याला मुंग्या येतात. आधी नुसत्या बोटांना यायच्या. आज कोपरापर्यंत आल्या." तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेले समाधान होते. "मी म्हटलं ना तुम्हाला. दिवा उगाच लागत नाही."

तात्यांनी तिचे चिखलातले अनवाणी पाय पाहिले. ओलीतली वीज दाराच्या चौकटीला येऊन मिळाली होती. दिव्यामुळे ती कमी येत होती एवढेच. भिंत आणखी भिजली, तार आणखी सोलली, तर उद्याचा भरवसा नव्हता.

"हात काढ!"

"का काढू?"

"काढ म्हणतो ना!"

ती काढीना. तिला हाताने धरणे म्हणजे आपणही त्या दाराला जोडले जाणे, हे तात्यांच्या शरीरालाच ठाऊक होते. त्यांनी छत्री उलटी केली, तिची लाकडी मूठ म्हातारीच्या दंडात अडकवली आणि सगळ्या बळाने मागे ओढली. बादली एकीकडे, म्हातारी एकीकडे. ती चिखलात कुशीवर पडली, लुगडे गुडघ्यापर्यंत माखले, आणि चाळीस वर्षांत ज्याने कधी हात उगारला नव्हता त्या माणसाकडे ती तोंड उघडे टाकून पाहत राहिली.

तिला उठवायलाही तात्या थांबले नाहीत. घरात धावत जाऊन त्यांनी मीटरखालचा फ्यूज उपसला. पुढच्या खोलीतले दिवे गेले, पिल्लांचा चिवचिवाट एकदम वाढला. परसातून म्हातारीचा आवाज आला, आणि तो आवाज तात्यांनी यापूर्वी एकदाच ऐकला होता.

"विझवलात! अहो, विझवलात त्याला!"

*

ती रात्र घराने निखाऱ्यांवर काढली. लोखंडी घमेल्यात कोळसे घालून सुनेने ते पिल्लांमध्ये ठेवले आणि धुराने ती गुदमरू नयेत म्हणून दार किलकिले केले. पंप बंद, म्हणून तिने सकाळी विहिरीचे पाणी हाताने शेंदले. म्हातारीने अन्नाला हात लावला नाही. ती मागच्या उंबऱ्यावर, बंद खोलीकडे तोंड करून बसून होती.

उजाडल्यावर लाइनमन सायकल ढकलत रस्त्याने चालला होता. गावभर त्याला 'खांबावरचा' म्हणत, आणि जमिनीवर असतानाही तो वरूनच बोले.

"काय वायरमन, काल रात्री सगळ्या आळीत दिवे आणि तुमच्याकडेच अंधार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच काय?"

"मागच्या लाइनला ओल लागलीये," तात्या म्हणाले.

"मग तोडून टाका ना मागची लाइन. पक्कड घ्या, दोन तारा कापा, बाकीचं घर चालू. पाच मिनिटांचं काम." तो जरा थांबला. "की हात कापतो आता? सांगा तर मी कापून देतो. म्हातारपणी लाज कसली."

तात्यांनी त्याला चहाही विचारला नाही. पण सल्ला त्यांच्या मनात तंतोतंत बसला. तार कापली की दिवा मेला. दाराचे लोखंड निव्वळ लोखंड झाले. खोली उघडायला नको, बटणाची फळी काढायला नको, आणि फळीमागे काय आहे ते या जन्मात कोणालाही कळायला नको. त्यांनी पेटीतून पक्कड काढली.

तात्यांची अडचण अशी होती. मुलगा आणि ते, दोघेही वायरमन. आणि मरणाआधीचे चार महिने दोघांत अबोला होता. कारण पिठाच्या गिरणीत घडले. तात्यांनी तारांचा जोड केला होता, आणि मुलाने गिरणीवाल्यासमोर, खिशातला टेस्टर काढून, त्या जोडाला लावून पाहिला. त्यात त्याच्या मनात काही नव्हते. त्याला शिकवलेच तसे होते. तो येणाऱ्या तारेला फेज म्हणे, परतीच्या तारेला न्यूट्रल, आणि दोन्हींवर विश्वास न ठेवता आधी टेस्टर लावी. पण गिरणीवाला हसला. "लेक बापाची परीक्षा घेतोय," म्हणाला. तात्यांचा तोल गेला. "माझ्या कामाला टेस्टर लावतोस? आजपासून माझ्या हातच्या कामाला टेस्टर लावायचा नाही." मुलगा म्हणाला, "नाही लावणार." तेवढेच शेवटचे बोलणे.

पुढे परसातली खोली आली. काम घरचे, म्हणून दोघांनी वाटून घेतले: सकाळी तात्यांनी घरापासून खोलीपर्यंत तारा ओढायच्या, दुपारी मुलाने आत बटण आणि दिवा जोडायचा. तारा एका पाडलेल्या इमारतीतल्या, जुन्या, दोन्ही काळ्या. येणारी कोणती आणि परतीची कोणती ते कळावे म्हणून तात्यांनी आपल्या उस्तादाच्या रीतीने येणाऱ्या तारेच्या टोकाला सुतळीची गाठ मारली, आणि अबोला असल्यामुळे सुनेजवळ निरोप दिला: "त्याला सांग, गाठीची तार बटणात घे."

वर्षभर तात्या त्या निरोपापाशी येऊन थांबत. निरोप बरोबर गेला असता तर बटण येणाऱ्या तारेवर असते आणि मुलगा असता. ज्या अर्थी मुलगा नाही, त्या अर्थी निरोप बरोबर गेला नाही. युक्तिवाद सरळ होता, आणि त्याच्या शेवटी सून उभी होती. तिचे पांढरे कपाळ पाहून तात्या मनातल्या मनात तिला क्षमा करत. आणि क्षमा करण्यात एक मोठेपणा असतो, जो त्यांना फार उपयोगी पडत असे. फक्त कधी कधी पहाटे, डोळे मिटलेले असताना, त्यांना आठवे की त्या दिवसांत डाव्या डोळ्यावर सारा आला होता. मोतीबिंदू पुढे काढला. पण तेव्हा काळ्यावर काळे त्यांना नीट दिसत नव्हते, आणि भिंतीच्या भोकातून तारा ओवताना त्यांनी त्या डोळ्यांनी नव्हे, नुसत्या बोटांनी ओळखल्या होत्या. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर कामच कोणी दिले नसते.

*

पक्कड घेऊन ते परसात आले तेव्हा सून तिथेच होती. हातात बादली. बादलीत मेलेली पिल्ले, ओल्या कापसासारखी एकमेकांना चिकटलेली.

"साठ गेली," ती म्हणाली. "आजची रात्र अशीच गेली तर निम्मी जातील. पक्कड कशाला?"

"तार तोडतो. घरात उजेड तरी होईल."

"तोडू नका."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तोडली की कळणार नाही, एवढं कळतं." तिने बादली खाली ठेवली. "मामंजी, मलाही माहीत आहे बटण बंद असून दिवा का लागतो ते. त्यांच्याबरोबर सात वर्षं राहिले मी. जेवताना दुसरं बोलायचे काय? बटण चुकीच्या तारेवर आहे. म्हणजे निरोप चुकला. म्हणजे मी चुकले."

तात्यांनी पक्कड मिटली.

"तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या हातात पिल्लांच्या पाण्याची भांडी होती. ते शिडीवर होते. मी खालून ओरडून सांगितलं. पण काय सांगितलं? गाठीची बटणात, की गाठीची दिव्यात? रोज आठवून बघते. आज बटणात ऐकू येतं, उद्या दिव्यात. ते वरून 'बरं' म्हणाले, एवढंच पक्कं आठवतं." तिचा आवाज कोरडा होता. वर्षभर घासलेल्या भांड्यासारखा. "उघडा आणि बघा. माझं असेल तर माझं. पण रोज रोज नको आता."

तात्यांना त्या क्षणी हलके वाटले. ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती. त्या हलकेपणाची लाज वाटायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि ती लाज घेऊनच त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली.

"टेस्टर लागेल," ते म्हणाले. त्यांनी जन्मात टेस्टर बाळगला नव्हता.

सून आत गेली आणि पदराच्या टोकाने पुसत मुलाचा टेस्टर घेऊन आली. त्याची पिवळी मूठ एका बाजूने चावलेली होती. दोन्ही हातांत काम असले की तो ती दातांत धरी.

कुलूप गंजले होते. तेल घालून, दगडाने ठोकून ते निघाले. आत भुशाला बुरशीचा वास होता. पत्र्याचे कडे, कोपऱ्यात पडलेली शिडी, टोपीखाली विझलेला दिवा. जमिनीवर जिथे मुलगा पडला होता तिथे तात्यांनी पाहिले नाही, आणि पाय मात्र बरोबर तेवढी जागा चुकवून गेले.

बटणाच्या फळीचे चार स्क्रू. तीन निघाले, चौथ्याची खाच झिजली, तो पकडीने पिळून काढावा लागला. फळी हातात आली. मागे मुलाच्या हातचे काम होते: तारांची टोके उजवीकडे वळवून केलेले गोल आकडे, सगळे एका मापाचे. तात्यांनी आता साफ झालेला डावा डोळा जवळ नेला.

गाठीची तार बटणात होती.

त्यांनी सुतळीला बोट लावून पाहिले. त्यांचीच गाठ, दोन वेढ्यांची. ती बटणाच्या खिळ्याला पक्की कसलेली होती. बिनगाठीची तार बटणाला वळसा घालून सरळ दिव्याकडे गेली होती. जसे सांगितले तसे. अक्षरशः तसे.

"काय निघालं?" घराच्या मागच्या दारातून सुनेने विचारले. ती फ्यूज हातात घेऊन दाराशेजारच्या मीटरजवळ थांबली होती.

"थांब. फ्यूज लाव. आणि सासूला दाराजवळ येऊ देऊ नकोस."

टेस्टरमध्ये एवढासा दिवा असतो, आणि त्या दिव्यालाही परतीची वाट लागते. फक्त ती माणसाच्या अंगातून जाते. बोटातून शिरून, छातीतून, पायातून जमिनीत. माणूस जोडला गेल्याशिवाय तो सांगत नाही. तात्यांनी वहाणा काढल्या, अनवाणी भुशावर उभे राहिले. आतून "लावला!" अशी हाक आली. टोपीखाली दिव्याची तार पुन्हा तांबूस झाली, आणि उंबऱ्यावरून म्हातारीचा हुंदका ऐकू आला.

टेस्टरचे टोक त्यांनी गाठीच्या तारेला लावले. काही नाही. टोक पुसले, तार खरवडली, पुन्हा लावले. मुलाचा टेस्टर काळाच राहिला. मग त्यांनी ते बिनगाठीच्या तारेला लावले, आणि चावलेल्या मुठीत नारिंगी ठिणगी उभी राहिली.

म्हणजे निरोप गेला होता. शब्द न शब्द. ज्याने तो ऐकला त्याने तो पाळला होता. आणि बापाच्या हातच्या कामाला टेस्टर लावायचा नाही हेही पाळले होते. टेस्टर त्याच्या खिशातच होता.

सुतळीचा एक वेढा सोडायचा आणि शेजारच्या तारेला घालायचा. एवढ्याने जग पूर्वीसारखे झाले असते. मग बिनगाठीची तार बटणात, निरोप चुकलेला, आणि सून स्वतःच कबूल झालेली. फळीच्या मागे दुसरे कोणी पाहणार नव्हते. त्यांनी सुनेला ओरडून फ्यूज काढायला सांगितला. दिवा मावळला. त्यांचा अंगठा आणि बोट गाठीवर होते, आणि बोटांनी स्वतःहून ती सैल करायला सुरुवातही केली होती. जुन्या वायरमनची बोटे. त्यांना काळोखातही काम करता येते, हाच तर सगळा दोष.

"मामंजी? काय निघालं?"

त्यांनी गाठ सोडली, आणि सुतळी दुसऱ्या तारेला न बांधता मुठीत घेऊन दारात आले.

"निरोप बरोबर गेला होता."

"काय?"

"तू बरोबर सांगितलंस. त्यानं बरोबर ऐकलं. गाठीची तार बटणातच होती." त्यांनी मूठ उघडली. "गाठच चुकीच्या तारेला होती. ती मी मारली होती."

सून परसाच्या मध्यावर उभी राहिली. पाणी तिच्या केसांतून गळत होते. ती म्हणाली, "डोळा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तेव्हा तुम्ही ताटात मीठ दोनदा वाढून घ्यायचात. त्यांनाही माहीत होतं."

"मग बोललात का नाहीत कुणी?"

"तुम्हाला कोण बोलणार, मामंजी?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो जिथे लागायचा तिथे लागला.

*

दुपारपर्यंत तात्यांनी काम उरकले. भिंतीतली तार चौकटीच्या लोखंडी गजापाशी सोललेली सापडली. ती त्यांनी तोडून भिंतीतच मरू दिली आणि नवी तार वरून, कोरड्या वाशावरून, लाकडी पट्टीवर ठोकत नेली. शिडी सुनेने धरली. येणारी तार बटणात, परतीची सरळ दिव्याला. शेवटचा स्क्रू बसवून ते उतरले आणि टेस्टर तिच्यापुढे धरला.

"लाव."

"मी?"

"माझ्या कामाला लाव. होल्डरला लाव, फळीला लाव, दाराला लाव. बटण चालू करून लाव, बंद करून लाव. उद्या पुन्हा लाव."

तिने वहाणा काढल्या. त्यांनी एकेक जागा दाखवावी तशी ती लावत गेली. चालू केल्यावर जिथे ठिणगी दिसायला हवी तिथे दिसली. बंद केल्यावर कुठेच नाही. दाराला तिने तीनदा लावला.

"काही नाही," ती म्हणाली, आणि पिल्ले आणायला गेली. टोपल्या भरभरून तिने ती आत सोडली. दोनशेचा दिवा पांढरा, पुरा तापला होता. गारठलेली पिल्ले क्षणभर इकडेतिकडे धडपडली, मग त्याच्याखाली गोल धरून बसली आणि एकेक करून पंख पसरू लागली.

म्हातारी उंबऱ्यावरून उठली ती आपल्या पायांनी. चिखल सुकून लुगड्यावर कडक झाला होता. तिने आत, त्या लख्ख उजेडाकडे पाहिलेच नाही. बादली सरळ केली, दाराशी पालथी घातली, आणि बसून तळवा पत्र्यावर टेकला.

तात्यांनी तिला अडवले नाही. आता अडवायचे काही कारण उरले नव्हते.

ती वाट पाहत राहिली. बोटे जरा हलवली, तळवा थोडा वर सरकवला, पूर्वी जिथे मुंग्या येत ती जागा शोधल्यासारखी. आत पिल्ले समाधानाने बारीक कुरकुरत होती.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "आज तो काही बोलत नाही."

तात्या चिखलातच तिच्याशेजारी बसले. उजव्या मुठीत सुतळी तशीच होती. डावा तळवा त्यांनी तिच्या तळव्याशेजारी दारावर टेकवला. लोखंड गार होते.

"अगं," ते म्हणाले, "तुला एक सांगायचंय."